सहावीच्या २० मुलांचे गुण प्रसामान्य आहेत की नाहीत, हे कसं ठरवायचं?

झाकणवाल्या_बाई

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला गणित शिकवते आणि नोकरी सांभाळून एम.एड. करते आहे. लघुशोधप्रबंधाचं चौथं प्रकरण तीन आठवडे एकाच जागी अडकलंय: गुण प्रसामान्य आहेत का, म्हणजे मधे उंच आणि दोन्हीकडे सारख्या उतरत जाणाऱ्या घंटेसारख्या वक्रात बसतात का. म्हणून इथे विचारते. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

विषय आहे पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी. मुलं चिन्हांचे नियम पाठ करतात आणि पंधरा दिवसांत विसरतात, हे दरवर्षी बघते. यंदा बाटल्यांच्या झाकणांवर शिकवलं. निळं झाकण म्हणजे अधिक एक, लाल म्हणजे उणे एक. एक निळं आणि एक लाल समोरासमोर आले की ती शून्याची जोडी, ती बाजूला काढायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर पूर्वचाचणी घेतली, मग १५ तासिका झाकणांवर, मग उत्तरचाचणी. दोन्ही चाचण्या २५ गुणांच्या, ४५ मिनिटांच्या. एकच गट, कारण शाळेत सहावीची तुकडीच एक आहे. पटावर २० मुलं आणि वीसही मुलांनी दोन्ही चाचण्या दिल्या, याचं मला फार समाधान आहे.

गुण असे आहेत, आधी पूर्वचाचणी आणि नंतर उत्तरचाचणी:

५-८, ५-११, ६-१४, ९-१६, १९-१८, ११-१९, १०-२०, १०-२१, ८-२२, १३-२२, ११-२३, १०-२३, १४-२४, १५-२४, १६-२४, १८-२५, १९-२५, २०-२५, २०-२५, २१-२५.

पूर्वचाचणीचं मध्यमान १३, उत्तरचाचणीचं २०.७०. उत्तरचाचणीचा मध्यांक २२.५०, प्रमाण विचलन (गुण मध्यमानापासून किती पसरलेत त्याचं माप) ४.९९, विषमता (वक्र एका बाजूला किती कललाय) उणे १.३५. कॉलेजच्या संगणकावर एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या प्रणालीत घालून पाहिलं. पूर्वचाचणीला शापिरो-विल्क या प्रसामान्यता तपासणाऱ्या परीक्षिकेचा पी ०.१७ आला (तो ०.०५ च्या खाली गेला की गुण प्रसामान्य धरत नाहीत). शेजारी कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह या तशाच दुसऱ्या परीक्षिकेचा ०.२०० आला आणि त्यावर एक तारा आहे, तो कशाचा ते कळलं नाही. उत्तरचाचणीला शापिरो-विल्कचा पी ०.००२.

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, उत्तरचाचणीचे गुण प्रसामान्य नाहीत, तेव्हा टी-परीक्षिका (मध्यमानांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारी) वापरता येणार नाही, काय करायचं ते बघ. आमच्या बॅचमधल्या एकाने सुचवलं की ८ आणि ११ वाली दोन मुलं काढून टाक, ‘ती अपवाद आहेत असं लिही, वक्र आपोआप बसेल.’ मला ते पटत नाही, पण नाही का म्हणायचं हे शास्त्राच्या भाषेत सांगता येत नाहीये.

तर गुण प्रसामान्य आहेत की नाहीत हे नक्की कशावरून ठरवायचं? आणि नसतील तर माझी १५ तासिकांची मेहनत वाया गेली का?

दहावी_ब

तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर देणारे इथे माझ्यापेक्षा जाणते आहेत. मी फक्त एवढंच सांगतो की कुठलीही परीक्षिका लावण्याआधी गुणांची वारंवारता साध्या कागदावर मांडा. एकेका गुणाला एकेक फुली.

मी माध्यमिक शाळेत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तीन तुकड्यांच्या सराव परीक्षेचे गणिताचे गुण मी असे फुल्यांनी मांडले होते. लांबून बघितलं तर छान टेकडी. जवळून बघितलं तर ३५ वर फुल्यांचा खांब उभा आणि ३२, ३३, ३४ ही घरं रिकामी. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, तेव्हा ३३ वर आलेल्या पोराला कोणीही शिक्षक दोन गुण शोधून देतोच, मीही दिलेत. पोलंडच्या मातुरा या शालान्त परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा ३० टक्क्यांना आहे आणि तिथेही मातृभाषेच्या पेपरच्या आलेखात असाच खांब दिसलेला आहे. म्हणजे हे सगळीकडचंच.

सांगायचं कारण, तो आकार मुलांच्या गणिताचा नव्हता. पेपर तपासणाऱ्याच्या हाताचा होता. गुणांमध्ये पेपर काढणारा आणि तपासणारा, दोघंही मिसळलेले असतात.

संख्याशास्त्रवाला

ताई, आधी त्या दोन मुलांबद्दल, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. काढू नका.

मी ३१ वर्षं पदवीच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवलं. एखादं निरीक्षण काढण्याचं कारण त्या निरीक्षणाच्या पोटात असावं लागतं. आकडा चुकीचा नोंदला गेला, पेपर दुसऱ्याच मुलाचा होता, असं काहीतरी. वक्र बसत नाही हे कारण होऊ शकत नाही. वक्र आपण मांडलेला एक अंदाज आहे आणि मुलं प्रत्यक्ष बाकावर बसलेली आहेत. शिवाय तुमच्या मित्राला हेही सांगा की काढूनही काम होत नाही. मी आत्ता वहीत करून पाहिलं. ८ आणि ११ वगळून उरलेल्या १८ जणांचा शापिरो-विल्कचा डब्ल्यू येतो ०.८५७. १८ च्या नमुन्याला ०.०५ पातळीवरची मर्यादा ०.८९७ आहे, डब्ल्यू तिच्या खाली गेला की प्रसामान्यतेची परिकल्पना सोडावी लागते. म्हणजे दोन मुलं गमावून हातात काहीच पडत नाही.

कारण खोट त्या टोकाला नाहीच. दुसऱ्या टोकाला बघा. पाच जणांना २५ पैकी २५, तिघांना २४. आता मध्यमानात एक प्रमाण विचलन मिळवा. २०.७० अधिक ४.९९ म्हणजे २५.६९. पेपर २५ चा! प्रसामान्य वक्रात मध्यमानाच्या वर एका प्रमाण विचलनापलीकडे सुमारे १६ टक्के लोक असतात. तुमच्या पेपरात त्यांना उभं राहायला जागाच नाही. सगळे छताला डोकं टेकून बसलेत. ही तपासणी तोंडी करता येते आणि माझ्या मते ती कुठल्याही संगणकाच्या आधी करावी: मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना एक-दोन प्रमाण विचलनं मोजा आणि बघा आपण शून्याच्या खाली किंवा पेपरच्या एकूण गुणांच्या वर तर जात नाही ना.

दिसायला हवं असेल तर क्यू-क्यू आलेख काढा. विल्क आणि ज्ञानदेशिकन यांनी १९६८ साली हे आलेख नीट मांडले, आणि माझ्या दृष्टीने या विषयात शिक्षकाला यापेक्षा उपयोगी हत्यार नाही. आलेखाच्या कागदावर हाताने होतो. गुण चढत्या क्रमाने लावा. पहिल्या मुलाला ०.५ भागिले २०, म्हणजे ०.०२५. दुसऱ्याला १.५ भागिले २०, म्हणजे ०.०७५. असं करत विसाव्याला ०.९७५. आता प्रसामान्य वक्राच्या तक्त्यात उलटं बघा, की डावीकडे एवढं क्षेत्रफळ असायला झेड, म्हणजे मध्यमानापासूनचं प्रमाण विचलनांतलं अंतर, किती हवा. पहिल्याला उणे १.९६, दुसऱ्याला उणे १.४४, विसाव्याला अधिक १.९६. एक्सेलमध्ये नॉर्म-एस-इन्व्ह हे सूत्र हेच काम करतं. आडव्या अक्षावर झेड, उभ्यावर गुण. गुण प्रसामान्य असतील तर बिंदू साधारण एका सरळ रेषेत पडतात. तुमच्या उत्तरचाचणीत सोळाव्या मुलापासून विसाव्यापर्यंत झेड ०.७६ पासून १.९६ पर्यंत पुढे जातो आणि गुण २५ वरच थांबलेले असतात. रेषा वर चढता चढता आडवी झोपते. ते बघितलं की पी ०.००२ का आला हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चुकीच्या रकान्याची प्रसामान्यता तपासता आहात.

त्याच मुलांची आधीची आणि नंतरची चाचणी आहे, म्हणजे तुमची टी-परीक्षिका जोडीची. ती पूर्वचाचणीकडे वेगळं आणि उत्तरचाचणीकडे वेगळं बघत नाही. प्रत्येक मुलाच्या नंतरच्या गुणांतून आधीचे वजा करून जो फरक येतो, तेवढाच एक रकाना तिच्या पोटात जातो. प्रसामान्यतेची अट त्या रकान्याला आहे. ही परीक्षिका ज्याने दिली तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअरच्या कामावर होता आणि त्याच्या हाताशी नमुने लहानच असत. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने लेख लिहिला. त्यात उदाहरण आहे १० रुग्णांचं: दोन औषधांनी प्रत्येकाला किती तास जास्त झोप लागली आणि त्या दोहोंतला फरक किती. दहा फरक, एवढ्यावरच सगळं. तुमच्याकडे तर वीस आहेत.

तुमचे फरक चढत्या क्रमाने लावले:

−१, ३, ४, ५, ५, ६, ६, ७, ७, ८, ८, ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १३, १४.

मध्यमान ७.७०, मध्यांक ८, प्रमाण विचलन ३.५९. मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रमाण विचलन घेतलं तर आत किती मुलं येतात ते मोजा. चौदा. वीसपैकी चौदा म्हणजे ७० टक्के, आणि प्रसामान्य वक्र सांगतो ६८. शापिरो-विल्क हाताने केली, कारण १९६५ च्या त्या तक्त्यातले २० च्या नमुन्याचे सहगुणक माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा: १४ उणे (−१) म्हणजे १५, त्याला ०.४७३४ ने गुणा. मग दुसरी जोडी, १३ उणे ३ म्हणजे १०, त्याला ०.३२११. अशा दहा जोड्या. बेरीज १५.४८, तिचा वर्ग २३९.६, आणि त्याला फरकांच्या विचलनांच्या वर्गांच्या बेरजेने, म्हणजे २४४.२ ने भागा. डब्ल्यू आला ०.९८१. मर्यादा ०.९०५. संगणक पी दाखवेल ०.९५ च्या आसपास. टी येतो ९.६१, मुक्तिमात्रा (जोड्यांच्या संख्येहून एक कमी) १९, आणि ०.०१ पातळीला लागतात २.८६. तुमची मेहनत वाया गेलेली नाही.

पण दोन गोष्टी प्रबंधात लिहा.

पी ०.९५ आला म्हणून ‘फरक प्रसामान्य आहेत हे सिद्ध झाले’ असं वाक्य घालू नका. २० मुलांत ही परीक्षिका ढोबळ बिघाडच पकडते, बारीक बिघाड तिच्या हातून निसटतात. ‘प्रसामान्यतेपासून सार्थक विचलन आढळले नाही आणि क्यू-क्यू आलेखही सरळ रेषेजवळ आहे’ एवढंच लिहा. तो ०.२०० वरचा तारा म्हणजे खरा पी ०.२०० किंवा त्याहून जास्त आहे, त्यापुढचे आकडे एसपीएसएस दाखवत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र दोन परीक्षिका शेजारी दिसल्या तर एवढ्या लहान गटाला शापिरो-विल्कची वाचा, ती जास्त तीक्ष्ण आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. ज्या पाच जणांना २५ पडले त्यांचा फरक आहे ७, ६, ५, ५, ४. सरासरी ५.४. उरलेल्या पंधरांची सरासरी ८.४७. या पाच जणांना झाकणांचा कमी फायदा झाला की पेपर संपला? तुमच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. २१ वरून सुरू करणाऱ्या मुलीला जास्तीत जास्त चारच गुण वाढवता येत होते आणि तिने चारही वाढवले. फरकांचा रकाना प्रसामान्यतेच्या तपासणीत पास झाला तरी हे दुखणं त्याच्या आत आहेच. मर्यादांमध्ये हे स्पष्ट लिहा. मौखिक परीक्षेत विचारलं तर तुम्हीच आधी सांगितलेलं असेल.

पुणे_३८

सरांनी सगळं सांगितलंय. माझी थोडी भर.

कॉलेजच्या संगणकावर जावं लागू नये म्हणून जमोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, ते फुकट आहे. जोडीच्या टी-परीक्षिकेखाली नॉर्मॅलिटीची खूण केली की ते आपणहून फरकांवरच शापिरो-विल्क करतं, त्यामुळे रकाना चुकण्याचा प्रश्न येत नाही. क्यू-क्यू आलेखही तिथेच मिळतो.

मॅडमना तरीही शंका राहिली तर विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी शेजारी लावा. तिला प्रसामान्यता लागत नाही. फरकांची चिन्हं विसरून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे, मग उणे फरकांच्या क्रमांकांची बेरीज करायची. तुमच्याकडे उणे एकच आहे आणि तो सगळ्यात लहानही आहे, म्हणून त्याचा क्रमांक १, बेरीज १. २० जोड्यांना ०.०५ पातळीवर ही बेरीज ५२ किंवा त्याहून कमी लागते. दोन्ही वाटांनी निष्कर्ष एकच निघतो हे एका परिच्छेदात दाखवता येईल.

माझ्या कामात मला उलटा त्रास होतो. माझ्याकडे ऑनलाइन चाचण्यांचे हजारो गुण येतात. आर या प्रणालीत शापिरो-विल्क ५००० पर्यंतच चालते, पण तेवढ्या गुणांना लावलं तर आलेख डोळ्याला अगदी नीट दिसत असतानाही पी शून्याला टेकतो. गुण पूर्णांकात असतात, त्यांना खाली शून्य आणि वर एकूण गुण अशी कुंपणं असतात, तेव्हा काटेकोर अर्थाने कुठल्याच चाचणीचे गुण प्रसामान्य नसतात. मोठ्या नमुन्यात परीक्षिका तेवढंच ओरडून सांगते. त्यामुळे मी पी बघायचं जवळजवळ सोडलंय आणि आलेखच बघतो. तुम्हाला २० मुलांत परीक्षिका अशक्त मिळते, मला ५००० मध्ये ती अति जागरूक मिळते.

झाकणवाल्या_बाई

सर, मनापासून आभार. दहावी_ब सर आणि पुणे_३८, तुमचेही. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण सगळं स्वतः हाताने करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

दोन आलेखाचे कागद घेतले. एकावर उत्तरचाचणीचे गुण, एकावर फरक. पहिल्यावर बिंदू चढत गेले आणि शेवटचे पाच खरंच आडवे झोपले, पट्टीने ओढल्यासारखे. दुसऱ्यावर पट्टी ठेवली तर खालचा एक, तो उणे १ वाला, थोडा खाली उतरला, बाकी सगळे पट्टीच्या आसपास. शनिवारी दोन्ही कागद मार्गदर्शक मॅडमसमोर शेजारी शेजारी ठेवले आणि काही बोलले नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, फरकांचा आलेख चौथ्या प्रकरणात घाल, आणि उत्तरचाचणीचाही घाल, लपवू नकोस. विल्कॉक्सनलाही हो म्हणाल्या.

त्यानंतर घरी आल्यावर मी पेपरांचा गठ्ठाच काढला. दहावी_ब सरांनी लिहिलं होतं की गुणांमध्ये पेपर काढणारा मिसळलेला असतो, ते डोक्यातून जात नव्हतं.

२५ वाल्या पाच जणांचे पेपर बघितले. मला आठवलं, ती पाचही मुलं विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला पेपर उलटा ठेवून खिडकीबाहेर बघत बसली होती. मी त्यांना ‘पुन्हा तपासा’ म्हणाले होते. त्यांना तपासायला काही उरलंच नव्हतं. सगळ्यात अवघड प्रश्न होता (−७) − (−१२), आणि तो त्यांनी झाकणं न काढता सोडवला होता.

८ आणि ११ वाली दोघं चुलत भावंडं आहेत. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली. कारखान्याजवळच्या कोप्यांवर राहतात. दिवाळीनंतर शाळेत आली तेव्हा पूर्वचाचणीला बसवली, पण हजेरी काढून बघितली तर १५ तासिकांपैकी थोरला सहाला हजर आणि धाकटी आठला. फडावर जायचं असलं की शाळा बुडते. तरीही थोरला ५ वरून ८ वर आला आणि धाकटी ५ वरून ११ वर. तिच्या पेपरात कोपऱ्यात पेन्सिलने बारीक गोल काढलेत, काही रिकामे आणि काही गिरवलेले. झाकणं हातात नव्हती म्हणून तिने ती काढून घेतली. हिला मी अपवाद म्हणून काढणार होते, निदान तसा विचार कानावर घेतला होता. आता त्यांची हजेरी मी विश्लेषणात स्वतंत्र लिहिणार आहे.

आणि तो १९ वरून १८ वर आलेला. त्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटत होतं की त्याला झाकणं कळलीच नाहीत. पेपर बघितला तर उलटच निघालं. तो शिकवणीला जातो, नियम पाठ आहेत, त्यावर आधी १९ मिळवले. उत्तरचाचणीत त्याने प्रत्येक गणिताला चित्र काढलंय. (+२) − (+५) ला दोन निळी झाकणं काढलीत, त्यातून पाच निघत नाहीत म्हणून शून्याच्या तीन जोड्या आणल्यात, मग पाच निळी खोडलीत, तीन लाल उरलीत. उत्तर उणे ३, अगदी बरोबर. असं प्रत्येक गणिताला केलं आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे राहिले. वेळ पुरला नाही. त्याने सोडवलेल्यात चूक जवळजवळ नाही.

सर, एकच विचारायचं आहे. मर्यादांमध्ये हे लिहीन, पण मन मानत नाही. त्या पाच जणांसाठी आणखी पाच अवघड प्रश्न काढून आता पुन्हा चाचणी घेतली आणि ते गुण यात मिळवले तर चालेल का? ४५ मिनिटांऐवजी तास देईन.

संख्याशास्त्रवाला

यात मिळवू नका. पूर्वचाचणी २५ ची आणि उत्तरचाचणी काहींना ३० ची, असं झालं की वजाबाकीलाच अर्थ राहत नाही. शिवाय मधे दिवस गेलेत, त्यात ती मुलं आणखी काही शिकली असतील.

पण प्रश्न जरूर काढा, पुढच्या वर्षीसाठी. पेपर दोन्ही वेळेला तोच वापरा, ४० गुणांचा करा, आणि त्यात काही प्रश्न असे घाला जे यंदाच्या त्या पाचांनाही अडवतील: तीन-चार पूर्णांकांची मिश्र बेरीज-वजाबाकी, रिकामी चौकट भरायची गणितं, −५ आणि ३ यांच्यामध्ये किती पूर्णांक येतात असले. पूर्वचाचणीत ते कोरे राहिले तरी राहू देत. आधी दुसऱ्या शाळेतल्या सहावीवर एकदा चालवून बघा आणि गुणांच्या फुल्या मांडा, दहावी_ब यांनी सांगितल्या तशा. वरच्या टोकाला कोणी चिकटलेलं दिसलं की आणखी दोन अवघड घाला. वेळेचं तुमचं बरोबर आहे, तास द्या. त्या १८ वाल्या मुलाने चित्रं काढली हे तुमच्या १५ तासिकांचंच काम आहे आणि चित्राला वेळ लागतो.

त्याचा पेपर परिशिष्टात लावा, नाव झाकून. आणि त्या मुलीचाही, गोल दिसतील असा स्कॅन करून.

झाकणवाल्या_बाई

दोन्ही लावते, सर. मुलीचे गोल पेन्सिलचे आहेत आणि फिकट झालेत, स्कॅनमध्ये नीट येत नाहीयेत. उद्या कॉलेजच्या मोठ्या मशीनवर करून बघते.